मधल्या मजल्याची बजावणी

बेलिफ दारात उभा राहिला की घरातली माणसं एकाएकी कमी होतात. आत्ता आत्तापर्यंत ज्याच्या खोकल्यानं तावदानं थरथरत होती, तो म्हणे परगावी गेलेला असतो. जिचा आवाज जिन्याच्या तळाशी ऐकू येत होता, ती अंथरुणाला खिळलेली असते. एकदा तर एका गृहस्थांनी स्वतः दार उघडलं, चेहरा पाडला आणि "ते मागच्या महिन्यातच गेले हो" असं सांगून वर डोळेही पुसले. बेलिफांनी त्यांचं सांत्वन केलं, जिना उतरले आणि अहवालात लिहिलं: 'इसम मयत असल्याचे इसमाने स्वतः समक्ष सांगितले.'

आपल्या गोष्टीतले बेलिफ हे असे होते. जे दिसलं ते लिहायचं, जे ऐकलं ते लिहायचं. पदरचं घालायचं नाही, पदराखाली झाकायचंही नाही. त्यांचे अहवाल गावभर सांगितले जात. कोर्टानं काढलेलं बोलावणं म्हणजे समन्स. ते ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, सही घ्यायची, वेळ टाकायची, याला म्हणतात बजावणी. माणसानं हात मागे घेतला, तर दोन पंच उभे करायचे आणि त्यांच्यासमोर कागद दाराला चिकटवून यायचं. त्यासाठी बेलिफांच्या पिशवीत कायम खळीचा डबा असे. गेली सव्वीस वर्षं ते असे दारोदार कागद डकवत फिरत होते, म्हणून कचेरीत सगळे त्यांना चिकटराव म्हणत. त्यांनाही ते नाव चिकटलं होतं, सुटायचं लक्षण नव्हतं.

कचेरीत पूर्वी तीन बेलिफ होते. एक निवृत्त झाला आणि त्याच्या खुर्चीवर फायली बसल्या. दुसऱ्याचे गुडघे गेले, तेव्हापासून तो फक्त तळमजल्यावरची समन्स बजावी. राहता राहिले जिने. ते सगळे चिकटरावांच्या वाट्याला आले.

आणि त्यांतल्याच एका जिन्यावर, मधल्या मजल्यावर, त्यांची थोरली बहीण राहत होती. नऊ वर्षं ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

त्या इमारतीत तळमजल्यावर एक शिंपी आणि वरच्या मजल्यावर एक ट्रम्पेटवाला. शिंप्यानं दावा लावला होता की ट्रम्पेटच्या एका उंच सुरानं त्याची कात्री दचकली आणि गिऱ्हाइकाच्या कोटाची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं आखूड झाली. ट्रम्पेटवाल्यानं उलट जबाब दिला की शिलाई मशीनच्या खडखडाटापायी आपला ताल गेला, आणि ताल गेलेल्या माणसाला घरातही कोणी विचारत नाही. न्यायाधीशबाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या, कपाळ चोळलं आणि म्हणाल्या, "या दोघांच्या मध्ये कोण राहतं? त्यांना बोलवा."

म्हणून ताईच्या नावानं साक्षीदाराचं समन्स निघालं.

ताईला साक्ष द्यायची नव्हती असं मात्र कोणी समजू नये. चार वर्षं खालून खडखड आणि वरून पोंऽऽ ऐकून तिच्या पोटात इतकं साठलं होतं, की न्यायाधीशबाईंनी एक प्रश्न विचारला असता तर तिनं दहा उत्तरं दिली असती. पण ती शेजारणींना ठणकावून सांगे, "न बोलावता मी कुठं जात नाही. आणि त्या हातानं आलेलं बोलावणं घेत नाही."

पहिल्या खेपेला चिकटरावांनी दार वाजवलं.

"कोण आहे?"

"बेलिफ. समन्स आहे."

"घरात कोणी नाही."

"मग बोलतंय कोण?"

"घर बोलतंय."

चिकटरावांनी पायरीवर बसून लिहिलं: 'घरी कोणी नसल्याचे घराने सांगितले.'

दुसऱ्या खेपेला घर जास्त बोललं.

"आलास? बस तिथंच आणि लिही. तुला सगळं लिहायची खोड आहे ना? लिही मग."

"साक्षीदारबाई, जरा हळू सांगा. पेन जुनं आहे."

"साक्षीदारबाई! वा रे वा! लहानपणी शाळेच्या वाटेवर कुत्रं होतं. तुला आत घेऊन कुत्र्याच्या बाजूनं कोण चालायचं? साक्षीदारबाई चालायची. लिहिलंस?"

"…बाजूनं… चालायची. लिहिलं."

"नऊ वर्षांपूर्वी याच दाराला तू कागद डकवलास. तुझे भावजी अंघोळीला बसले होते. मी म्हटलं थांब. मी आत चहा टाकला, आणि कप घेऊन येते तर दाराला ओली खळ आणि जिन्यात तुझी पाठ. अकरा मिनिटं! सख्ख्या बहिणीच्या दारात अकरा मिनिटं थांबता आलं नाही तुला. बाकीचा सगळा मजला बाहेर येऊन कागद वाचत होता आणि मी कप धरून उभी. लिही, चहा निवला असं लिही."

चिकटरावांनी लिहिलं. शेवटी ताईच्या तोंडचं 'चालता हो' हेही लिहिलं, कारण ते बजावणीच्या संदर्भात होतं.

हा अहवाल कचेरीत आला त्या दिवशी कोणाचंच काम झालं नाही. टायपिस्टनं तो मोठ्यानं वाचला. गुडघेवाल्या बेलिफानं 'चहा निवला' इथं डोळे पुसले. न्यायाधीशबाईंनी मात्र समासात लाल शाईनं शेरा मारला: 'बेलिफाने साक्षीदाराचे सर्व म्हणणे लिहून आणण्याची आवश्यकता नाही. तथापि पुढील वेळीही आणावे.'

आता त्या अकरा मिनिटांचं खरं असं होतं. नियमाच्या पुस्तकात एक ओळ आहे: बेलिफानं ज्याच्याकडे कागद न्यायचा, त्याच्या घरचं पाणीही घेऊ नये. नऊ वर्षांपूर्वी भावजींकडे कोणीतरी दुरुस्तीला दिलेलं घड्याळ भलतेच तास सांगू लागलं, म्हणून किरकोळ दावा झाला होता. ते समन्स घेऊन चिकटराव दारात उभे होते, मागे दोन पंच होते, आणि आतून त्यांना चहाच्या भांड्याचा आवाज आला. मग कपाचा. तो कपही त्यांना आवाजावरून ओळखू आला, कान तुटलेला, निळ्या काठाचा. आईच्या घरून आलेला. तो कप हातात आला की आपण नाही म्हणणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि घेतला की लिहावं लागणार, हेही. तेव्हा त्यांनी घाईघाईनं कागद डकवला आणि चोरासारखे जिना उतरले.

हे त्यांनी ताईला कधी सांगितलं नाही. सांगणार कसं? चार वर्षांपूर्वी भावजी गेले तेव्हा ते सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे होते. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. त्या वळलेल्या मानेचा अहवाल त्यांनी कुठंच लिहिला नव्हता. तो त्यांच्या छातीशी घडी करून ठेवलेला होता.

तिसऱ्या खेपेच्या दिवशी सकाळी नाझरबाईंनी त्यांना बोलावलं. नाझरबाई म्हणजे कचेरीतल्या सगळ्या बेलिफांच्या वरच्या. त्यांच्या टेबलावर दोनच गोष्टी सरळ असत, एक पट्टी आणि दुसऱ्या त्या स्वतः.

"चिकटराव, हे बघा." त्यांनी एक कागद पुढे केला. शिक्का मारलेला, सही झालेली. "वॉरंट. तुमच्या मधल्या मजल्याच्या नावाचं. जामीनपात्र आहे, पण घेऊन पोलीस जातील."

चिकटरावांनी कागद उलटून पाहिला. "पोलीस? तिच्या दारात?"

"दोन खेपा झाल्या. साहित्य छान झालं, बजावणी झाली नाही. आज एक तर हातात द्या, नाही तर पंच उभे करा आणि डकवून या. साडेपाचला मी या खुर्चीतून उठते. मी बसलेली असेपर्यंत अहवाल आला, तर हे रद्द. उठल्यावर मी कागद घेत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"दुसऱ्या कोणाला पाठवता येणार नाही?"

दोघांनीही खिडकीजवळच्या गुडघेवाल्याकडे पाहिलं. त्यानं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले, जणू ते पळून जातील.

डकवलं तर ताई जन्माची गेली. नाही डकवलं तर तिच्या दारात खाकी कपड्यातला माणूस उभा राहणार आणि पुन्हा सगळा मजला बाहेर येणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या काठावर खळीचा डबा घेऊन आपले चिकटराव.

दुपारी ते घरी गेले. डब्यातली खळ कालच संपली होती.

"खळ शिजवून देतेस का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कुणाच्या दारासाठी?"

ते रिकामा डबा पुसू लागले. तेवढ्यानं तिला कळलं.

"हे बघा, आजवर हजार दारांसाठी शिजवली, कधी हूं का चूं केलं नाही. नणंदेच्या दारासाठी माझ्या हातून पळी हलणार नाही. तुमची बहीण, तुमचं दार, तुमची खळ." असं म्हणून तिनं पिठाचा डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि गंमत बघायला स्टूल ओढून बसली.

चिकटरावांनी पाणी उकळत ठेवलं आणि वरून ओंजळभर पीठ एकदम टाकलं. पिठाला पोहता येत नव्हतं. ते घाबरून एकमेकांच्या गळ्यात पडलं. भांड्यात गुठळ्यांचं एक गावच वसलं.

बायको म्हणाली, "छान. दाराला लावायची आहे, की खिडकीवर फेकायची आहे?"

लहानपणी त्यांच्या घरी आई दुकानांसाठी कागदी पिशव्या चिकटवायची. तेव्हा खळ ताई ढवळायची, चिकटरावांकडे फक्त पाणी ओतायचं काम असे. आई कागद दुमडता दुमडता गायची. ती ओवी त्यांना आजही येत होती, पण अर्धी. पाण्यापुरती.

पावणेपाचला ते त्या इमारतीखाली पोचले. पंच म्हणून समोरचा इस्त्रीवाला मिळाला आणि कोपऱ्यावरची सायकल दुरुस्त करणारी बाई मिळाली.

"मी काय करायचं?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"मी डकवतो, ते तू बघायचं."

"एवढंच? मग कोळसा विझवत नाही, लगेच येतो परत."

सायकलवाली हात पुसत म्हणाली, "मागच्या वेळीही मीच होते पंच. ती बाई नऊ वर्षं माझ्याकडून हवा भरून घेत नाही. आज डकवलंत तर पुढची नऊ पक्की."

तिघं जिना चढले. तळमजल्यावर मशीन खडखडत होतं, ते थांबलं. वर ट्रम्पेटचा एक सूर अर्ध्यात लटकला आणि गिळला गेला. चार वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही शेजाऱ्यांनी एका वेळी आवाज बंद केला होता. सबंध इमारत कान होऊन बसली.

दाराला नवा रंग दिलेला होता, तरी मागच्या कागदाची खूण खालून दिसत होती. एक पुसट चौकोन, डावीकडे कललेला.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"बेलिफ."

"एकटाच?"

"पंच आहेत."

मग आवाज आला, पण तो घराचा नव्हता, ताईचा होता. जरा बारीक. "डकवायला आलास होय?"

चिकटराव दाराजवळ सरकले. "ताई, वॉरंट निघालंय. सही झालीय त्यावर. साडेपाचला कागद परत गेला नाही, तर पोलीस येतील. मला नको आहे ते."

"मग डकव. तुला कुठं नवीन आहे? ठळक जागी लाव, नियम आहे ना तसा. मागच्या वेळी वाकडा लावलास. नऊ वर्षं येणारा जाणारा मान वाकडी करून बघतो."

"घाईत होतो."

"तेच म्हणते मी! बहिणीच्या दारात घाई!"

तेव्हा चिकटरावांनी डबा पायरीवर ठेवला. पंचांसमोर, इस्त्रीवाल्यासमोर, कान होऊन बसलेल्या साऱ्या इमारतीसमोर ते दाराच्या फटीशी वाकले आणि नऊ वर्षांची घडी उलगडली.

"घाई नव्हती. कपाचा आवाज आला मला. आईचा कप होता, निळ्या काठाचा. तू तो घेऊन आली असतीस तर मी चहा घेतला असता. घेतला असता तर लिहावं लागलं असतं. बेलिफाला कुणाच्या घरचं पाणीही चालत नाही, ताई. म्हणून पळालो."

वरच्या मजल्यावर कोणीतरी हळूच नाक ओढलं. ट्रम्पेटवाला असावा, सूर लागलेला होता.

मग ताईचा आवाज असा कडाडला की इस्त्रीवाला दोन पायऱ्या खाली उतरला.

"मग लिहायचं होतंस, मूर्खा! घरानं सांगितलं म्हणून लिहितोस, मेलेल्यानं सांगितलं म्हणून लिहितोस, आणि बहिणीनं चहा दिला एवढं लिहायला तुझं पेन मोडलं होतं?"

खरं तर नऊ वर्षांत हा विचारच चिकटरावांच्या डोक्याला शिवला नव्हता. लिहायचं म्हणजे नोकरी जाणार एवढंच त्यांना ठाऊक होतं. खरंच जाते का, हे कचेरीत कोणी जाऊन विचारलं नव्हतं. त्यांनीही नाही.

सायकलवालीनं घड्याळ बघितलं. "पाच व्हायला आले, भाऊ. मला पंक्चर काढायची आहेत."

चिकटरावांनी मान खाली घालून डबा उचलला आणि झाकण उघडलं. ब्रश आत घातला. तो उभाच राहिला. त्यांनी ओढला तेव्हा ब्रशाबरोबर बोराएवढ्या चार गुठळ्या वर आल्या आणि त्यांतली एक पायरीवर टपकन पडली.

दाराला शेजारी एक छोटी खिडकी होती. तिचा पडदा जरासा सरकला.

"हे काय आहे?" पडद्यामागून ताई म्हणाली.

"खळ."

"ही खळ? ही? ही माझ्या दाराला लावणार आहेस?"

"मीच शिजवली. ती म्हणाली, तुमची बहीण, तुमची खळ."

"बरोबर बोलली. तिच्यासारखी शहाणी तुला मिळाली, हेच तुझं नशीब. आणि पीठ गरम पाण्यात टाकलंस ना? एकदम? अरे, आईनं हजार वेळा सांगितलं, आधी गार पाण्यात कालवायचं! असली खळ माझ्या दाराला? लोक काय म्हणतील? म्हणतील, हिच्या माहेरी खळसुद्धा धड शिजवता येत नव्हती!"

आणि कडी निघाली.

नऊ वर्षं त्यांच्यासाठी बंद असलेलं दार असं खळीपायी उघडलं. ताई उंबऱ्यात उभी. केस पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला, पण डबा ओढून घ्यायचा झटका तोच. तिनं डब्यात बघितलं, नाक मुरडलं आणि आत वळली.

"उभा काय राहिलास? ये. पाणी कोण ओतणार? आणि तुम्ही दोघं पंच, तुम्ही पण या. बघायला आलात ना? मग नीट बघा."

आत भिंतभर घड्याळं होती. भावजी गेल्यावर लोकांनी न नेलेली सतरा घड्याळं. ताई त्यांना रोज चावी द्यायची, पण वेळ लावायची नाही. ज्यानं त्यानं आपली वेळ सांभाळावी, असं तिचं मत होतं. त्यामुळे त्या खोलीत एकाच वेळी सव्वादोनही वाजले होते आणि पावणेनऊही.

ताईनं जुनी खळ बाजूला ठेवली, नवं पीठ गार पाण्यात कालवलं आणि पातेलं मंद आचेवर चढवलं. चिकटरावांनी तांब्या धरला. ती ढवळू लागली तशी तिच्या ओठांवर आपोआप जुने शब्द आले.

"खळ शिजते गं मंद, हात फिरू दे गोल गोल,
गुठळी राहिली आत, तर कागदाचा जाई तोल…"

ती थांबली. चिकटरावांनी पाण्याची धार धरली आणि घसा साफ करून आपली अर्धी ओवी म्हटली.

"खळ कालवू दोघं जणं, तू पीठ घाल, मी पाणी,
एकट्यानं शिजवता, सारी गुठळ्यांची कहाणी."

इस्त्रीवाला म्हणाला, "वा!" सायकलवालीनं त्याला कोपर मारलं.

खळ झाली. पांढरीशुभ्र, सायीसारखी. चिकटरावांनी समन्स पुढे केलं. "ताई, आता सही कर. हातात घेतलंस तर डकवायचं कामच नाही. पाच वाजून गेलेत."

ताईनं कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बस."

"ताई, साडेपाचला—"

"अकरा मिनिटं बस. तुझ्याकडे माझी बाकी आहेत ती."

"इथून कचेरी वीस मिनिटं लांब आहे गं. चालत."

"तुझी मर्जी. मागच्या वेळी पळालास, आजही पळ. दार उघडंच आहे."

चिकटरावांनी एकदा दाराकडे पाहिलं. नाझरबाई डोळ्यांपुढे आल्या, खाकी कपडे डोळ्यांपुढे आले. मग त्यांनी पिशवी खांद्यावरून काढली, जमिनीवर ठेवली आणि खुर्चीत बसले. "कुठल्या घड्याळानं धरू?"

ताईनं मधल्या मोठ्या घड्याळाकडे बोट केलं. "त्या. तुझ्या भावजींचं ते. जरा आजारी आहे, सावकाश चालतं. त्याची अकरा म्हणजे आपली तेरा."

"त्याचीच धरू," चिकटराव म्हणाले.

तेवढ्यात ताईनं ते घड्याळ भिंतीवरून उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवलं. काच उघडली. आतली कागदी तबकडी एका बाजूनं सुटली होती. 'चार'चा आकडा वाकून 'पाच'च्या कानात काही सांगत होता. "एवढी खळ शिजवली ती काय टाकून द्यायची? हे चिकटव. ते असते तर त्यांनीच केलं असतं. मला एकटीला धरवत नाही. आणि सरळ चिकटव."

ताईनं कड उचलून धरली. चिकटरावांनी बोटानं खळ फिरवली, सव्वीस वर्षांत कुठल्याही दाराला लावली नसेल इतकी हळू. कागद खाली टेकवला, अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत नेला. एक बुडबुडा नाही. काटे चालूच होते. त्यांच्या अंगठ्यावरून मिनिटकाटा पुढे सरकला, तो त्यांनी सरकू दिला.

शेगडीवर काहीतरी उकळलं. मग कपाचा आवाज आला. आजही त्यांनी तो ओळखला.

"झाली अकरा," ताई म्हणाली आणि कान तुटलेला, निळ्या काठाचा कप पुढे केला. दुसऱ्या हातानं तिनं समन्स ओढून घेतलं, चष्मा सावरला आणि सही ठोकली. "वेळ घाल. आणि चहा गरम आहे, हळू पी."

चिकटराव हळू प्यायले नाहीत. ओठ भाजला, डोळ्यांत पाणी आलं. ते चहाचं होतं असं पंचांनी मान्य केलं.

"किती वाजले खरे?" त्यांनी विचारलं.

"पाच एकोणीस," सायकलवाली म्हणाली. "चला, कॅरिअरवर बसा. पंचानं पोचवू नये असं नियमात आहे का?"

"आठवत नाही."

"मग नाही आठवायचं."

ताई दारातून ओरडली, "आणि सगळं लिही! काही गाळू नकोस!" मग सायकलवालीकडे बघून, जरा हळू आवाजात, "उद्या माझ्या सायकलची हवा बघून ठेव."

चिकटरावांनी अहवाल कॅरिअरवर बसून लिहिला. अक्षर प्रत्येक खड्ड्यात उडी मारत होतं. ते कचेरीत शिरले तेव्हा नाझरबाई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. चिकटराव दारातच थबकले. नाझरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, त्यांच्या ओठावरच्या फोडाकडे पाहिलं. मग पर्स खाली ठेवून त्या परत खुर्चीत बसल्या.

"मी बसलेली आहे," त्या म्हणाल्या. "द्या."

त्यांनी वाचलं. 'साक्षीदाराने समन्स समक्ष स्वीकारून सही केली. वेळ पाच वाजून नऊ मिनिटे, साक्षीदाराच्या घरातील मोठ्या घड्याळाप्रमाणे. सदर घड्याळ आजारी आहे. बेलिफाची खळ गुठळ्यांची असल्याने साक्षीदाराने नवीन शिजवून दिली. ती वाया गेली नाही. साक्षीदाराने बेलिफास अकरा मिनिटे बसवले. चहा दिला. बेलिफाने तो घेतला.'

"चिकटराव, ही शेवटची ओळ नसती तरी चाललं असतं."

"घेतला ना पण."

नाझरबाईंनी वॉरंटवर आडवी रेघ मारली आणि अहवाल न्यायाधीशबाईंच्या थैलीत टाकला. चिकटराव रात्रभर कूस बदलत राहिले. बायको म्हणाली, नोकरी गेली तर खळीचं दुकान काढू, पण शिजवणार ताई.

दुसऱ्या दिवशी फाइल परत आली. समासात लाल शाईनं लिहिलं होतं:

'बजावणी मान्य. बेलिफाने चहा घेतला, ही गोष्ट नियमास धरून नाही. तथापि मागील अहवाल पाहता सदर चहा नऊ वर्षांपूर्वी टाकलेला दिसतो. हरकत नाही.'